दोन पगारांची काठी

पावणेपाच फूट लाकडासाठी दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त पैसे मोजणाऱ्या नोकरदाराला तुम्ही काय म्हणाल? शौकीन? उधळ्या? जरा थांबा. ते लाकूड घ्यायला त्याला कोणी लावलं, हे आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. तो नोकरदार मीच. विसाव्या वर्षी हॉटेलातल्या वेगळ्या कपांवर पत्रक लिहिणारा मी, तेविसाव्या वर्षी एवढा साधा प्रश्न स्वतःला विचारू शकलो नाही. त्याची मला अजून किळस येते, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या घरात बालगीतं नव्हती, पत्रकं होती. वडील वडीगोद्रीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर. छप्पन सालानंतर त्यांनी घरातले देव नदीला दिले आणि रिकाम्या झालेल्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे रचले. मी अक्षरं शिकलो ती त्या गठ्ठ्यांवरून. जाहीर आवाहन. बंधू-भगिनींनो. प्रचंड संख्येनं उपस्थित राहा. शाई फुटलेली, कागद पिवळा, पण वाक्यं अशी की उभं राहूनच वाचावीत. पुढं मी स्वतः एक पत्रक लिहिलं. सडकेवरच्या एका हॉटेलात आमच्या लोकांसाठी कान तुटलेले कप बाहेरच्या छपराखाली ठेवलेले असत. चहा प्यायचा, कप आपणच विसळायचा आणि परत तिथंच ठेवायचा. त्यावर ते पत्रक होतं. जालन्यातल्या दोन छापखान्यांनी छापायला नकार दिला, तिसऱ्यानं निम्मी वाक्यं गाळून छापलं. तेव्हापासून मला स्वतःचा मराठी टाइपरायटर हवा होता. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल काढायचं, कोणाच्या पाया पडायचं नाही. त्यासाठी मी पगारातून पैसे बाजूला टाकत होतो.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. जालन्यात कालव्याच्या कामाची एक कचेरी होती, तिथं मी ट्रेसर होतो. मोठ्या नकाशावर मेणकापड पसरायचं आणि खालची रेघ न रेघ वर उतरवायची. दिवसभर कोन आणि अंतरं. दुपारच्या सुट्टीत आम्ही ट्रेसर लोक दौतीचं बूच टेबलावर ठेवून पट्टीनं मारायचो. समोरच्या लाकडी कडेवर आपटून ते परत यायचं आणि ठरलेल्या दौतीला लागायचं. माझं हमखास लागायचं. एकदा साहेब दारात उभे राहून बघत होते, ते आम्हाला कळलंच नाही. साहेब म्हणजे आमचे डेप्युटी इंजिनिअर, गोदावरीकाठच्या जुन्या जमीनदार घराण्यातले. आम्ही बूच लपवलं, पण ते रागावले नाहीत.

"अरे, तू बुचाकडं बघतच नाहीस," ते मला म्हणाले. "तू कोन बघतोस. संध्याकाळी क्लबात ये. माझ्या जोडीदाराची बदली झालीय."

क्लब म्हणजे स्टेशनच्या बाजूची निजामी राजवटीतली कौलारू इमारत. पत्त्यांची खोली, वाचायची खोली आणि मधल्या मोठ्या खोलीत बिलियर्डचं एकच टेबल. छावणीतले गोरे जाताना ते मागं ठेवून गेले, असं सांगत. हिरवं कापड दोन ठिकाणी रफू केलेलं, पण चेंडू अजून सरळ जायचा. वकील, डॉक्टर, सरकी-पेंडीचे व्यापारी, सरकारी अधिकारी असे तिथले सभासद. एका भिंतीला कुलपाचं काचेचं कपाट, त्यात ज्यांच्या स्वतःच्या काठ्या होत्या त्या चार-पाच जणांच्या काठ्या. दुसऱ्या भिंतीला उघडा रॅक. त्यात क्लबाच्या काठ्या, कोणीही घ्याव्यात अशा. प्रत्येकीच्या बुडाला डाग देऊन आकडा काढलेला. आणि दाराजवळ एक काळा फळा. त्यावर खेळणाऱ्यांची नावं आणि गुण.

पहिल्या संध्याकाळी चहा आला. मी काय केलं असेल? कप बघितले. सवयच ती. सोनेरी काठाचे कप, सगळ्यांना सारखे, सगळ्यांचे कान शाबूत. माझा कप आणि साहेबांचा कप एकाच ट्रेमध्ये परत गेला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी मनात म्हणालो, ही माणसं चांगली आहेत. आमच्या सगळ्या पत्रकांनी मला कप तपासायला शिकवलं होतं. काठ्या तपासायला शिकवलं नव्हतं.

टेबलाची व्यवस्था बघायला आणि गुण मोजायला एक म्हातारे चाचा होते. सगळे त्यांना मार्कर म्हणत. त्यांनी रॅकमधून एक काठी काढून माझ्या हातात दिली. सात नंबर. आकड्याच्या शेजारी माशीच्या पायासारखी एक बारीक चीर होती. टोकाला निळा खडू कसा घासायचा, डावा पंजा कापडावर कसा रोवायचा, ते त्यांनीच दाखवलं.

"हल्लू बाबू, हल्लू," ते म्हणाले. "ये कुदाल नहीं है."

चौथ्या दिवशी मी साहेबांना हरवलं. सहाव्या दिवशी क्लबाचे सेक्रेटरी असलेल्या वकीलसाहेबांना हरवलं. लोक पत्ते टाकून बघायला आले. हात आहे, हात आहे, म्हणाले. एवढं कौतुक मला शाळेतसुद्धा मिळालं नव्हतं. पण फळ्यावर माझं नाव नव्हतं. फळ्यावर लिहिलं होतं, "साहेबांचे पाहुणे". वकीलसाहेब हरले ते पाहुण्याकडून. मला पाहुणा राहायचं नव्हतं. ज्या टेबलावर साहेब वाकतात त्याच टेबलावर त्याच हक्कानं वाकायचं होतं, आणि खडूनं लिहिलेलं माझं नाव त्या फळ्यावर बघायचं होतं. हसू नका. ज्यांची नावं पिढ्यान् पिढ्या फक्त वेठीच्या यादीत लिहिली गेली, त्यांना फळा लहान वाटत नाही.

मी वकीलसाहेबांना तसं विचारलंही. ते मला नेहमी 'तुम्ही' म्हणत. आवाज मऊ, खिशात अत्तराचा रुमाल.

"अहो, नाव लिहू की," ते म्हणाले. "पण तुमच्यासारख्या खेळाडूनं ह्या रॅकमधल्या काठ्या वापराव्यात? ह्या म्हणजे धर्मशाळेतली भांडी. कोण कुठल्या हातानं धरतो, काय सांगावं! स्वतःची काठी घ्या. स्वतःच्या काठीवाल्याचं नाव फळ्यावर शोभतं."

त्या दिवशी मी ते वाक्य घरी नेलं, गोंजारलं आणि उशाला घेऊन झोपलो.

टाइपरायटरचे पैसे मोडले. त्यात एका पगाराची भर घातली आणि शनिवारच्या गाडीनं सिकंदराबादला गेलो. खेळाच्या सामानाचं दुकान, आत वॉर्निशचा वास. दुकानदारानं मला सरळ उभं केलं, काठी माझ्यापुढं धरून ती हनुवटीपर्यंत येते का बघितलं आणि म्हणाला, "जनाब के कद कू बराबर." विलायती लाकूड, मधोमध पितळी जोड, म्हणजे काठीचे दोन तुकडे करून पेटीत ठेवता येतात. पेटी कातड्याची, आतून लाल मखमल. निळ्या खडूची डबी, टोकाच्या चामडी टिकल्यांची पुडी, लाकडाला लावायचं तेल, पुसायचं मऊ फडकं. एक घेतलं की दुसरं लागतंच, असं तो म्हणत गेला आणि मी घेत गेलो. परतीच्या गाडीत मी पेटी मांडीवर ठेवून बसलो. वर फळीवर ठेवली नाही. कोणी धक्का दिला की त्याच्याकडे रागानं बघायचो. हा मी! ज्यानं पत्रकात लिहिलं होतं की मालकी माणसाला आंधळं करते!

पुढच्या रविवारी पेटी घेऊन गावाकडं निघालो. एस.टी.त कंडक्टर पेटीकडे बघून म्हणाला, "काय ओ, बंदूक हाय का?"

"न्हाई. खेळायची काठी हाय."

"कोण्ता खेळ?"

"टेबलावर चेंडू ढकलायचा."

"मंग हातानं ढकलला तर काय हुतंय? काठीला काय खर्चा आला?"

मी आकडा सांगितला. शेजारी बसलेली, मांडीवर कोंबडी धरलेली म्हातारी लगेच वळली. "अगाई! त्याच्यात दुभती म्हैस आली असती की रं लेकरा! ही काठी सकाळ-संध्याकाळ किती देती?"

अख्खी गाडी हसली. कंडक्टर म्हणाला, "मावशे, त्या कोंबडीचं तिकीट न्हाई लागायचं. ह्या काठीचं मात्र लागंल बरं का." मीही हसलो, पण आतून जळलो. ह्या अडाण्यांना काय कळणार, असं मनात आलं. अडाणी! माझ्याच लोकांना मी मनातल्या मनात तो शब्द वापरला. काठी घेऊन जेमतेम आठवडा झाला होता.

आबांनी, म्हणजे वडिलांनी, पेटी उघडून बघितली. काठीला हात लावला नाही. टाइपरायटरचं विचारलंही नाही, आणि तेच जास्त लागलं.

"क्लबात आता माझी काठी वेगळी राहील, आबा," मी म्हणालो. "फळ्यावर नाव येणार हाय."

"कुठं ठेवतेत मंग काठी?"

"कपाटात जागा न्हाई सध्या. चाचांच्या कोपऱ्यात खिळा मारून दिलाय. पाण्याच्या माठाजवळ."

"आन् बाकीच्यांच्या?"

"काही कपाटात. बाकी रॅकमध्ये, क्लबाच्या."

"तुझी रॅकमध्ये का न्हाई?"

"ती माझी स्वतःची हाय ना, आबा! भारी हाय ती. रॅकमधल्या कोणीपण हाताळतंय."

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला. "बरं," म्हणाले. "तुला समजंल तवा समजंल." मला वाटलं, म्हातारा खर्चावर रुसलाय.

त्यानंतरचे चार-पाच महिने मी खेळलो. खोटं कशाला बोलू, त्या काठीवर माझा जीव होता. चेंडूला लागताना तिचा जो कोरडा, स्वच्छ आवाज यायचा, तसा आवाज रॅकमधल्या एकाही काठीचा नव्हता. मी रोज तिला तेल लावायचो, फडक्यानं पुसायचो. माझा खेळ सुधारला. फळ्यावर मात्र अजूनही पाहुणेच होते. वकीलसाहेब म्हणायचे, दिवाळीनंतर बघू. मग म्हणाले, कमिटीत विषय काढतो. मग म्हणाले, घाई काय आहे, खेळायला मिळतंय ना? मी थांबलो. भारी काठीवाला माणूस शांत असतो. त्याच्या हातात गमवायला काहीतरी असतं.

मग एक तरुण डॉक्टर आला. पुण्याकडचा, नवीन नोकरीवर, हसरा. त्याला काठी धरता येत नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं कापडाला टोक घासलं आणि वकीलसाहेब "होतं, होतं" म्हणून हसले. तो रॅकमधली काठी घेऊन खेळायचा. तिसऱ्याच दिवशी मी आलो तर फळ्यावर त्याचं नाव. आडनावासकट, ठसठशीत.

मला वाटलं, ह्यानंही काठी मागवली असेल. मी त्याला मोठेपणानं विचारलं, "काठी कुठून मागवली? सिकंदराबादहून का?"

"काठी? कसली?" तो म्हणाला. "इथं एवढ्या आहेत की."

"नाही, म्हणजे फळ्यावर नाव येण्यासाठी स्वतःची लागते ना?"

तो गोंधळला. "मला तर कोणी काही म्हणालं नाही. काल वकीलसाहेबांनी त्यांचीच दिली होती खेळायला. म्हणाले, कपाटातून केव्हाही घेत जा."

मी वकीलसाहेबांकडे बघितलं. ते खडूचा चौकोन बोटांत फिरवत होते. नजर टेबलावर.

त्याच संध्याकाळी माझ्या काठीच्या टोकाची चामडी टिकली निघाली. साधी गोष्ट आहे, सगळ्यांची निघते. सरस लावून रात्रभर दाबून ठेवायची, तोवर दुसरी काठी घ्यायची. मी सरळ रॅककडं गेलो आणि तीन नंबरच्या काठीला हात घालणार, तेवढ्यात खोली एकदम गप्प झाली. पत्त्यांच्या खोलीतला एकाचा खोकलासुद्धा ऐकू आला.

"अहो, अहो, थांबा," वकीलसाहेब पुढं आले. "एवढी सुंदर काठी असताना ह्या कशाला? ती दुरुस्त होऊ द्या. उद्या खेळा. काय घाई आहे?"

साहेब नेम धरून वाकले होते, ते तसेच वाकलेले राहिले. चेंडू मात्र त्यांनी मारला नाही.

मी हात मागं घेतला. माझी काठी घेऊन चाचांच्या मागं त्यांच्या खोलीत गेलो, सरस मागायला. क्लबाच्या मागं, आवाराच्या भिंतीला टेकून त्यांची एक खोली होती. मी तिथं कधी गेलो नव्हतो. चाचा फळीवर सरसाची वाटी शोधत होते आणि मी बाजेकडं बघत उभा होतो. बाजेच्या चार पायांना चार काठ्या बांधून मच्छरदाणी लावलेली. तीन बांबूच्या. चौथी गुळगुळीत, निमुळती, वॉर्निश लावलेली. मी वाकलो. बुडाला सातचा आकडा, शेजारी माशीच्या पायासारखी चीर.

"चाचा, ही इथं कशी?"

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"अब क्या बोलू बाबू. वकीलसाब बोले, ये लकडी तुम रख लो. मैं रख लिया."

"कधी?"

"तुम नवी लाए, उसके पैलेच. तुम इसपे आठ दिन खेले ना, उसके बाद."

मी म्हणालो, "पण चहा तर सारख्याच कपात देतात, चाचा." हे मी खरंच म्हणालो. शहाणा, पत्रकं लिहिणारा मी.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कप तो धुल जाते बाबू," ते म्हणाले. "लकडी कू कैसा धोते?"

किळस कशाला म्हणतात, ते मला त्या खोलीत कळलं. वकिलाची आली, हे तर झालंच. पण सगळ्यात जास्त माझी आली. गावच्या हॉटेलवाल्यानं कान तुटलेला कप निदान स्वतःच्या गल्ल्यातून आणला होता. इथं माझा वेगळा कप मीच विकत घेतला, टाइपरायटरच्या पैशानं, दीडशे कोसांचा प्रवास करून. त्याला मखमलीची पेटी घेतली. तेल लावलं. दुसऱ्या कोणी हाताळू नये म्हणून माठाजवळच्या खिळ्याला टांगला आणि त्याला मान म्हणालो. त्यांना मला वेगळं ठेवायचं होतं, आणि त्याचा सगळा खर्च मी हौसेनं केला होता. आबांना हे एका वाक्यात कळलं होतं. मला कळायला पाच महिने आणि मच्छरदाणी लागली.

सरस वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लबात गेलो, खिळ्यावरची काठी काढली आणि रॅकमध्ये सात नंबरच्या रिकाम्या खाचेत उभी केली. मग तीन नंबरची उचलली, तिला खडू लावला आणि म्हणालो, "आजपासून माझी काठी क्लबाची. रॅकमधली सगळ्यात चांगली काठी आहे. कोणीही घ्या. मी क्लबाची घेतो."

आवाज थोडा चढला असेल. टेबलाशी कोणी आलं नाही. मी एकटाच तीन चेंडू मारत राहिलो. चाचा नेहमीसारखे गुण मोजत होते, मोठ्यानं, जणू समोर कोणी खेळतंय.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "काय तमाशा केलास काल?" हळू आवाजात म्हणाले. "तुला तिथं मी नेलं. माझ्या जीपमधून फिरतोस. माझ्या डब्यातलं खातोस. मी कधी काही मानलं?"

"न्हाई साहेब."

"मंग?"

"मंग आज संध्याकाळी माझ्या काठीनं एक डाव खेळा. बस. दुसरं काही न्हाई मागत."

साहेब मेणकापडाकडं बघत राहिले. "अरे, खेळणाऱ्याला आपल्याच काठीची सवय असते. हाताचा प्रश्न आहे हा."

"हाताचाच आहे, साहेब."

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "ही रेघ जाड झालीय. पुन्हा काढ," म्हणाले आणि गेले. रेघ जाड नव्हती.

मला अजून वाटतं, साहेबांनी त्या संध्याकाळी सात नंबरच्या खाचेतली काठी उचलली असती तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव आलं असतं. बाकीचे त्यांच्या हाताकडं बघत होते. साहेब आले, किल्ली लावून कपाट उघडलं, स्वतःची काठी काढली. माणूस वाईट नव्हता. चांगल्या माणसांचा मला राग येतो तो इथं. वाईट माणूस निदान वाईट वागायची मेहनत तरी करतो.

तरुण डॉक्टरनं मात्र माझी काठी उचलली. त्याला काही माहीतच नव्हतं. दोन फटके मारले आणि ओरडला, "अरे वा! काय गोड आवाज आहे हिचा!" त्या क्षणी मला रडू येईल असं वाटलं. दोन दिवस तो तिनंच खेळला. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब त्याला व्हरांड्यात घेऊन गेले. खांद्यावर हात, मऊ आवाज. परत आला तेव्हा डॉक्टर माझ्याकडं न बघता रॅकसमोर उभा राहिला आणि मग पत्ते खेळायला गेला.

पुढच्या महिन्यात सिकंदराबादहून त्याची काठी आली.

आणि आता जे सांगतो ते ऐकून तुम्हाला हसू येईल, मलाही येतं, पण त्या हसण्याला आंबट ढेकरासारखी चव असते. मी रॅकमधल्या काठ्या वापरत होतो. आज तीन, उद्या पाच, परवा एक. एकेक करून सगळ्या. सगळ्यांना माहीत होतं. तोंडानं कोणी काही बोलेना, कारण बोलायचं काय? कायदा वकिलाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. मग सरकीवाल्या शेठजींनी स्वतःची काठी मागवली. मग दुसऱ्या डॉक्टरनी, मग तहसीलमधल्या एका साहेबांनी. ज्यांना धड खडू लावता येत नव्हता, त्यांनी विलायती लाकूड आणि पितळी जोड मागवले. पुढच्या दिवाळीपर्यंत क्लबात नऊ नव्या काठ्या आल्या. काचेचं दुसरं कपाट आलं, त्याला दुसरं कुलूप आलं. लोक एकमेकांच्या काठ्यांची वजनं विचारू लागले, पेट्यांचं कातडं चोळून बघू लागले. "आपला क्लब आता खऱ्या शौकिनांचा झाला," असं वकीलसाहेब वार्षिक सभेत म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

एका माणसाच्या तळहाताचा स्पर्श टाळायला ह्या लोकांनी किती पैसे खर्च केले, बघा. चेंडू मात्र तेच तीन होते. मी मारलेला चेंडू त्यांची काठी मारायची. टेबलाच्या खिशात पडला की ते हातानं काढायचे. चेंडूवर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. सोवळ्याला डोकं नसतं, फक्त ऐपत असते.

रॅक रिकामा वाटू लागला म्हणून सभेनंतर तो भिंतीवरून काढला. क्लबाच्या जुन्या काठ्या अडगळीत गेल्या. माझी काठी अडगळीत टाकायची हिंमत कोणाला झाली नाही, ती फार महागाची होती. ती टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीशी, भिंतीला टेकवून ठेवली. चाचा म्हणाले, "घर ले जाओ बाबू, खराब हो जाएगी." मी नेली नाही. मी त्यानंतर तिथं खेळलो नाही. खेळायला काठीच नव्हती, म्हणजे होती, पण ती एकट्यानं वापरायची नाही असं मी ठरवलं होतं. फळ्यावर माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही. एका सर्क्युलरनं माझी बदली मंठ्याच्या बाजूच्या कामावर झाली, तीही साहेबांच्या सहीनं.

घरी आबांनी विचारलं, "काठी कुठाय?"

"तिथंच ठिवलीय. क्लबाची म्हणून."

"कुणी वापरतंय का?"

"न्हाई."

"मंग काम व्हायचंय अजून," ते म्हणाले आणि मुलांच्या वह्या तपासायला बसले.

मी त्या क्लबात आता जात नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी जात असेल. जालन्यात बदली होऊन गेलेला अधिकारी असेल, वकील असेल, डॉक्टर असेल, नाहीतर एखाद्या सभासदाचा पाहुणा असेल. त्याला माझी एवढीच विनंती आहे. मधल्या खोलीत जा. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, खिडकीशी एक काठी उभी असेल. तिच्यावर धूळ असेल, टोकाची टिकली कदाचित निघाली असेल, चाचा असतील तर ते सरस देतील. ती उचला. सगळ्यांच्या देखत तिनं एक पूर्ण डाव खेळा. आणि डाव संपला की ती फडक्यानं न पुसता, तुमच्या हाताच्या घामासकट, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात द्या.